सुईने दिलेली मुदत

आमच्या चिचगडकडे ‘सुई’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक सुई घरात असते. ती फाटक्या लुगड्याला ठिगळ लावते, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवते. दुसरी सुई डॉक्टरच्या हातात असते, आणि लोकांचा विश्वास पहिलीपेक्षा तिच्यावर अधिक आहे. डॉक्टरने नाडी पाहिली, गोळ्या दिल्या, चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या, पण सुई टोचली नाही, तर माणूस दवाखान्यातून नाराज होऊन परततो. ‘काही दिलेच नाही,’ असे घरी सांगतो. या दुसऱ्या सुईतही एक मानाची सुई आहे. तिला ‘ताकदीची सुई’ म्हणतात. तिच्या कुपीतले औषध डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल असते, आणि लाल रंगाचा रक्ताशी संबंध कुणाला शिकवावा लागत नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून जिचे हातपाय गळून गेले, ती बाई पदराच्या गाठीतले पैसे सोडते आणि ही सुई घेऊन येते. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी मला म्हणाली होती, “लाल सुई लावली का आठ दिस हातपाय चालते, बाई.”

या आजीला हसणे सोपे आहे. पण ती लाल सुई थोतांड नव्हे. तिच्यातला लाल रंग ब-१२ या जीवनसत्त्वाचा असतो आणि तो त्यातल्या कोबाल्ट नावाच्या धातूमुळे येतो. १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडात, जवळजवळ एकाच वेळी, हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात वेगळे काढले गेले. डोरोथी हॉजकिन या विदुषीने १९५६ पर्यंत त्याची अंतर्रचना उलगडली आणि १९६४ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. माझे स्वतःचे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकपुरते. त्या रचनेचे चित्र पुस्तकात पाहिले तेव्हा मला त्यात फक्त कोळ्याचे जाळे दिसले. पण त्यातली एक गोष्ट कुणालाही चकित करील. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले दोन-अडीच भाग एवढेच हे द्रव्य माणसाला दिवसाला लागते. तेवढे कित्येक दिवस मिळाले नाही तर रक्त पातळ होते, तळपायाला मुंग्या येतात, चाल अडखळते, आठवण दगा देते. काहींच्या जठराला हे द्रव्य अन्नातून घेताच येत नाही. अशा लोकांचा पंडुरोग १९२६ पूर्वी म्हणजे मरणच होते. त्या वर्षी मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी रोग्यांना रोज पोटभर यकृत खाऊ घालून त्यांना उठवून बसवले. पुढे यकृताचा अर्क सुईने देता येऊ लागला, आणि त्यानंतर ही लाल कुपी आली. अशा रोग्याला सुई जन्मभर घ्यावी लागते. त्याच्या लेखी सुई हीच भाकर आहे, आणि तिच्याविषयी नैतिक प्रश्न उपस्थित करणे हा चावटपणा होईल.

प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या माणसाविषयी. ज्याचे जठर चांगले आहे आणि ताट मात्र रिकामे आहे, त्याच्याविषयी. जे ताटातून यायचे ते त्याच्याकडे सुईतून आले, तर आपण त्याचे नेमके काय केले? उपकार केला, उपचार केला, की न्याय केला? मराठीत ‘उपचार’ हा शब्द मोठा खोचक आहे. रोग बरा करण्याच्या क्रियेला आपण उपचार म्हणतो, आणि मनात काही नसताना रीत म्हणून जे करतो त्यालाही ‘केवळ उपचार’ म्हणतो. एकाच सुईत हे दोन्ही अर्थ कसे मावतात, ते मला या लेखात पाहायचे आहे.

त्यासाठी आमच्या भागाच्या अन्नापासून सुरुवात करायला हवी. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण दोन्हीकडची माती एकच, धानाची. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापून खळ्यावर येतो, भारी धान बांधीत पिवळा पडत असतो, आणि मंडईच्या जत्रांचे व नाटकांचे दिवस सुरू होतात. पूर्वी हा धान घरोघर उखळात कांडत. त्या तांदळावर तांबूस साल शिल्लक राही, भात जाडसर लागे. मग गिरण्या आल्या. गिरणीतून तांदूळ मोगऱ्याच्या कळ्यांसारखा पांढराशुभ्र बाहेर पडतो आणि कोंडा वेगळ्या वाटेने जातो. कोंडा गाईम्हशींना मिळतो, तेलाच्या कारखान्याला मिळतो. या कोंड्यातच धानाचे ब-१ जीवनसत्त्व असते. त्याला थायामिन म्हणतात. उरलेल्यातले काही आपण तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुताना मोरीत सोडतो, आणि भाताचे पाणी ओतून टाकले तर आणखी थोडे जाते. धान आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडला, म्हणजे उकडा तांदूळ केला, तर हे सत्त्व सालीतून दाण्यात उतरते आणि पुष्कळसे टिकते. पण उकडा तांदूळ पिवळसर दिसतो. पाहुण्यासमोर वाढायला लोकांना पांढरा हवा असतो.

पांढऱ्या भाताचा हा मान माणसाला किती महाग पडला, याची गोष्ट जावा बेटावर घडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे बेरीबेरी नावाच्या रोगाने सैनिक आणि कैदी मरत होते. पाय लुळे पडत, अंग सुजे, हृदय थके. ऐकमन नावाचा डच डॉक्टर त्या रोगाचे जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडले, आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना कशाला, असे म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्या पुन्हा बिनसडीच्या तांदळावर आल्या आणि चालू लागल्या. त्या आचाऱ्याच्या कद्रूपणाने शास्त्राला वाट दाखवली असे म्हणायला हरकत नाही. मग जाव्यातल्या शंभरएक तुरुंगांत कैद्यांना कोणता तांदूळ मिळतो ते तपासले गेले, आणि जिथे तांदूळ पांढरा तिथे बेरीबेरी असे दिसून आले. १९०१ साली ग्रिन्सने कोंड्यात काहीतरी जीवनावश्यक आहे असा निष्कर्ष काढला, १९१२ साली फुंकने अशा द्रव्यांना नाव दिले, १९२६ साली त्याचे स्फटिक हाती आले आणि १९३६ साली ते कारखान्यात बनवता येऊ लागले. तेव्हापासून ते सुईत आहे.

या सुईचा चमत्कार पाहायचा असेल तर तान्ह्या मुलात पाहावा. आईच्या अंगात थायामिन कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरते. आई स्वतः उठते, बसते, काम करते. तिच्याकडे पाहून काही कळत नाही. पण दोन-तीन महिन्यांचे मूल एकाएकी दूध ओढेनासे होते, त्याचा आवाज बसतो, श्वास चढतो, हृदय थकते, आणि एका रात्रीत ते जाऊ शकते. काश्मीरमधल्या डॉक्टरांनी अलीकडच्या वर्षांत अशी मुले पाहिली आणि त्यांविषयी लिहिले. तिथे बाळंतिणीला धुऊन धुऊन पांढरा केलेला तांदूळ देण्याची आणि पुष्कळ भाज्या वर्ज्य करण्याची रीत होती. अशा मुलाला थायामिनची सुई वेळेवर मिळाली, तर काही तासांत त्याचा श्वास उतरतो आणि दुसऱ्या दिवशी ते दूध पिऊ लागते. मरणाच्या दारातून इतक्या थोड्या औषधाने इतक्या लवकर परत आणणारे उपाय वैद्यकात फार नाहीत.

म्हणून ‘सुईने काय होणार, मुळावर घाव घाला’ असे मोठ्या आवाजात सांगणारे लोक मला आवडत नाहीत. असे लोक बहुधा जेवून आलेले असतात. गरिबी हटली पाहिजे, जमीन वाटली पाहिजे, समाज बदलला पाहिजे, हे सगळे खरे आहे. पण आज रात्री ज्या मुलाचा श्वास चढला आहे, ते समाज बदलेपर्यंत थांबू शकत नाही. मूळ शोधण्याच्या नावाखाली समोरचा जीव जाऊ देणे हा विचारवंतांचा एक जुना निर्दयपणा आहे. आभाळ फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे आपण म्हणतो. पण त्या फाटक्या आभाळाखाली ज्याचे डोके आहे, त्याला एक ठिगळसुद्धा पुष्कळ असते.

मुंबईतली एक गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. गिरणगावातल्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि पुष्कळ जणी त्यातच दगावत. तिने रक्त तपासले, आणि त्या बाया काय खातात तेही तपासले. ज्यांच्या ताटात भाजी, फळ, दूध जवळजवळ नव्हते, त्यांनाच हा रोग अधिक होता. यकृत खाऊ घालण्याचा उपाय तेव्हा माहीत झाला होता, पण तो महागडा. तिने यीस्टचा अर्क देऊन पाहिला. बाजारात पावाला लावायला मिळणारा, स्वस्तातला. बाया सुधारू लागल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात गुण देणारे द्रव्य कोणते हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले, म्हणून पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक आम्ल म्हणू लागले. १९४५ साली अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने बनवण्यात आले. तिथल्या संशोधकांचा प्रमुख होता आंध्रातला येल्लाप्रगडा सुब्बाराव. संग्रहणीने त्याचे भाऊ नेले होते आणि तो स्वतःही त्या दुखण्यातून गेला होता. त्या दुखण्यावर हेच द्रव्य गुणकारी ठरले.

विल्सबाईंच्या कामातली मला भावलेली गोष्ट अशी, की तिने रोग्याच्या रक्तापुरते पाहिले नाही, ताटही पाहिले, आणि उपाय निवडताना पदराच्या गाठीत किती पैसे आहेत तेही पाहिले. तरीदेखील एक प्रश्न राहतोच. बरी झालेली ती गिरणगावातली बाई पुन्हा कुठे गेली? त्याच खोलीत, त्याच ताटापाशी. पुढच्या गरोदरपणी तिचे काय झाले असेल?

इथे दयेविषयी एक कठोर गोष्ट सांगायला हवी. दया अजाण असेल तर ती जीव घेऊ शकते. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातले तर त्याच्या अंगातली क्षारांची घडी विस्कटते आणि तो दगावू शकतो. थायामिन संपलेल्या माणसाला आधी ग्लुकोजची बाटली लावली तर ती साखर जाळण्यासाठी उरलेसुरले थायामिनही खर्च होते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून अशा रोग्याला आधी थायामिनची सुई आणि मग ग्लुकोज, असा क्रम डॉक्टर सांभाळतात. कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रातही पहिले काही दिवस मुलाला पातळ, मोजके दूध थोडे थोडे देतात. पाहणाऱ्या आजीला तो कंजूषपणा वाटतो. आपल्याकडे अन्नदान हे सर्वांत मोठे दान मानतात, आणि वाढणाऱ्याचा हात सैल असावा असे म्हणतात. पण उपाशी माणसासमोर सैल हातालाही ज्ञान लागते. जे अन्नाच्या दानाला लागू आहे ते न्यायालाही लागू आहे. नुसता कळवळा पुरत नाही.

आता सुई नेमके काय देते ते सांगता येईल. ती मुदत देते. आपल्याकडे सावकाराच्या दारात शेतकरी जातो आणि म्हणतो, सुगीपर्यंत थांबा. सावकार थांबला, तर शेतकऱ्याचा बैल वाचतो. पण वहीतले देणे वाहीत राहते. थांबण्याला कुणी फेड म्हणत नाही. सुईचे तसेच आहे. ब-१२ चा साठा भरला तर तो काही महिने, कधी वर्षेही पुरतो. थायामिनचा साठा काही आठवड्यांचाच. तेवढ्या काळापुरते शरीर आपल्याला सांगते, की मी थांबतो. त्या मुदतीत ताट बदलले तर सुई सार्थकी लागली. ताट तसेच राहिले तर पुन्हा दवाखाना, पुन्हा सुई, पुन्हा आठ दिवस. मग ती सुई उपचाराच्या दुसऱ्या अर्थात जाऊन बसते.

आणि मुदत कायमची होऊन बसण्याचा धोका किती मोठा आहे, हे आपल्या देशातच एका थोर माणसाने दाखवून दिले आहे. डॉ. सी. गोपालन हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे दीर्घकाळ संचालक होते. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्यांना होणाऱ्या पेलाग्रा रोगाचा त्यांनी अभ्यास केला. अ जीवनसत्त्वाच्या अभावी लहान मुलांचे डोळे फुटत, ते थांबवण्यासाठी दर सहा महिन्यांनी एक मोठा डोस तोंडावाटे देण्याची पद्धत त्यांच्याच संस्थेत तपासली गेली आणि १९७० साली ती देशभर सुरू झाली. तिने अनेक मुलांचे डोळे राखले. पण पुढे हेच गोपालन सांगू लागले, की ही तात्पुरती सोय होती. मुलाला पालेभाजी, फळ, दूध मिळू लागले पाहिजे. जिथे गरज उरली नाही तिथे डोस चालू ठेवू नका, अन्नाकडे वळा. आपणच उभारलेल्या गोष्टीला ‘आता पुरे’ म्हणायला मोठे मन लागते. २०१९ साली, वयाच्या १०१ व्या वर्षात, ते वारले. त्या डोसाविषयी आजही तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि मी त्यांत न्यायनिवाडा करणारी कोण? पण त्यांच्या प्रश्नाचा गाभा मला शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावासा वाटतो. तात्पुरते म्हणून जे आणले, त्याची मुदत कधी संपते?

ती सहसा संपत नाही, याचे एक कारण माझ्या दुसऱ्या धंद्यातून मला कळते. मी कादंबऱ्या लिहिते. कादंबरीत सुईचा प्रसंग लिहायला फार सोपा. पावसाळी रात्र आहे, ओढ्याला पूर आहे, डॉक्टर चिखल तुडवत येतो, सुई देतो, पहाटे मूल डोळे उघडते. वाचक डोळे पुसतो. पण त्या घरात पुढे सहा महिने रोज थोडी डाळ अधिक शिजली, परसात शेवगा लावला, बाईने स्वतःच्या ताटात तरोट्याची भाजी वाढून घेतली, हे लिहायला बसले तर प्रकाशकसुद्धा जांभई देईल. देणाऱ्यांचेही तसेच होते. सुया मोजता येतात, त्यांचे फोटो निघतात, अहवालात आकडा भरता येतो. ताटाचा अहवाल कुणी भरायचा?

दुसरे कारण अधिक अवघड आहे आणि ते सरकारच्या कचेरीत नसून आपल्या घरात आहे. सुई घरातली कोणतीच रीत मोडत नाही. ती टोचली की संपले. ताट बदलायचे तर घर बदलावे लागते. आमच्याकडे, आणि नुसते आमच्याकडेच का, अवघ्या महाराष्ट्रात, घरातली बाई शेवटी जेवते. पुरुष जेवले, मुले जेवली, सासू जेवली की मग ती बसते. तळाला राहिलेली डाळ पाण्यासारखी असते, भाजी संपलेली असते, अंडे केव्हाच मुलाच्या ताटात गेलेले असते. भात मात्र असतो. पोट भरते आणि रक्त उपाशी राहते. यात कुणी दुष्ट नसतो. नवरा तिच्यावर प्रेम करतो, सासू तिला लेक म्हणते, आणि ती स्वतः सर्वांना वाढण्यात धन्यता मानते. तिच्या त्यागाची आपण गाणी केली. पण ज्या त्यागामुळे तान्ह्या मुलाचे दूधच निःसत्त्व होते, त्याला त्याग म्हणावे का? तिला मुळात निवडच दिली गेली नसेल, तर त्या त्यागाचे श्रेय तरी तिला कसे द्यावे?

काही वेळा वाटते, की यंत्र आणि विज्ञान मिळून या अडचणीतून आपल्याला सोडवतील. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी जाहीर केले, की सरकारी योजनांतला तांदूळ २०२४ पर्यंत पोषणयुक्त केला जाईल. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून त्याचे तांदळासारखेच दाणे पाडतात, आणि शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळतात. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात याचा प्रयोग आधीच झाला होता. हे दाणे वेगळे दिसले तेव्हा ‘प्लास्टिकचा तांदूळ’ आला म्हणून ठिकठिकाणी बायका ते निवडून फेकू लागल्या. त्यांना दोष देववत नाही. त्यांना कुणी नीट समजावले नव्हते. हा उपाय मला टाकाऊ वाटत नाही. पण त्यातली गंमत पाहा. आपण गिरणीत धानाचे सत्त्व काढून गाईला आणि तेलाच्या घाण्याला देतो, आणि मग दुसऱ्या कारखान्यात बनवलेले सत्त्व त्याच तांदळात पुन्हा मिसळतो. कोंड्याबरोबर गेलेले थायामिन तर त्या तीन द्रव्यांत नाहीच. आणि तो दाणा ताटात पडला, तरी शेजारी डाळ-भाजी आहे का, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. सुई अंगाऐवजी धान्याला टोचली, एवढेच.

मग देणे फिटते तरी कशाने? माझ्या पाहण्यात एकच गोष्ट अशी आहे, आणि ती म्हणजे हक्क. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसे खडी फोडायला गेली. कामावर सुकडी वाटली जाई, परदेशातून आलेली लाल मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. ती सुकडी म्हणजे त्या काळची सुईच होती, आणि तिने माणसे जगवली. पण महाराष्ट्र तेवढ्यावर थांबला नाही. वि. स. पागे यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्याने रोजगार हमीची कल्पना पुढे आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम द्यायचे, हे सरकारवर बंधन आले. त्या कायद्याचे पुढे काय काय झाले, मजुरी किती रखडली, ते सर्वांना माहीत आहे. तरी एक फरक पडला. सुकडी घेणारा हात पसरलेला असतो. काम मागणारा हात तसा नसतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्याविषयीही असाच हक्क दिला. आमच्यासारख्या आदिवासी भागांत २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आली. त्या योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते जेवण बाईने तिथेच बसून खायचे असते. डबा घरी नेला, तर तो कुणाच्या ताटात जाईल हे योजना आखणाऱ्याला ठाऊक असावे.

पण हक्कही किती नाजूक असतो! २०२३ च्या अखेरीस राज्यात शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडे, आणि जे खात नाहीत त्यांना केळे, असे ठरले. अंड्यात ब-१२ असते, हे मी मुलांना तेव्हा मोठ्या उत्साहाने शिकवले. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा सरकारी पैसा थांबला, आणि द्यायचेच तर लोकवर्गणीतून द्या असे सांगण्यात आले. म्हणजे हक्काचे पुन्हा दान झाले. आठवड्याच्या एका अंड्याने मूल पहिलवान होत नाही, हे मला कळते. पण ते अंडे मुलाच्या हातात कुणाची मेहेरबानी म्हणून येत नव्हते, आणि त्या वयात हे कळणे हाही एक आहार आहे.

कुणी म्हणेल, बाई, दिवाळीच्या अंकात हे कसले विषय काढता? चकल्या-करंज्यांच्या दिवसांत उपाशी रक्ताची गोष्ट कशाला? पण दिवाळी हा हिशेबाचाही सण आहे. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतो आणि जुनी बाकी नव्या वहीत ओढतो. ती कोऱ्या पानावर दिसली म्हणून तो रागावत नाही. आपल्याही घराच्या वहीत एक जुनी बाकी आहे. ती आईच्या, बायकोच्या, सुनेच्या ताटाची आहे. डॉक्टरच्या सुईने तिला फक्त मुदत मिळवून दिली आहे.

परवा भाऊबीज येईल. लेकी माहेरी येतील. बहीण भावाला ओवाळील, भाऊ ताटात ओवाळणी टाकील. साडी देईल, पैसे देईल. पण तिचा चेहरा पांढरा दिसतो आहे का, ती जिना चढताना धापा टाकते का, एवढे त्याने पाहावे. पाहून तिला खुशाल डॉक्टरकडे न्यावे, आणि डॉक्टर म्हणाला तर सुईही घेऊ द्यावी. मग घरी आल्यावर पाट मांडताना तिचे ताट आधी वाढावे आणि सगळ्यांच्या आधी तिला बसवावे. ती संकोचेल, ‘आधी तुम्ही’ म्हणेल, उठायला पाहील. तिला उठू देऊ नये. आणि ती सासरी निघाली की भावोजींना बाजूला घेऊन, भांडण म्हणून नव्हे, पण अगदी सरळ विचारावे, की तुमच्याकडे ही कितव्या पंगतीला जेवते?